पिकअपचे स्पीकर बदलताना आमची झालेली फसवणूक

गाडी दहा-बारा वर्षांची झाली की स्पीकर खरखरायला लागतात, आणि या एवढ्याशा कामात माणसाला किती सहज लुबाडता येतं हे आम्ही पुण्यात अनुभवलं. जुनी पिकअप चालवणाऱ्या ओळखीच्या लोकांशी बोललो तेव्हा थोड्याफार फरकाने तीच गोष्ट त्यांच्याकडूनही ऐकायला मिळाली, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. तक्रार चालू असल्यामुळे दुकानाचं नाव देत नाही.

आमची नारायणगावजवळ रोपवाटिका आहे. टोमॅटो, मिरची, फ्लॉवरची रोपं ट्रेमध्ये भरायची आणि ओतूर, आळेफाट्याकडे, कधी माळशेज उतरून मुरबाडपर्यंत पोहोचवायची, हे काम आमची 2012 ची डबल केबिन टाटा झेनॉन पिकअप करते. गाडीत बरेचदा मी आणि वडील दोघंच असतो. सकाळी आकाशवाणीच्या बातम्या आणि नंतर वडिलांची भजनं, एवढीच आमची करमणूक. स्पीकर गाडी घेतली तेव्हापासूनचे. समोरच्या डाव्या दारातून आधी बारीक खरखर यायची, मग पखवाजाची थाप पडली की कागद फडफडल्यासारखा आवाज यायला लागला. थोड्या दिवसांनी उजवीकडेही तेच. मागचे दोन्ही व्यवस्थित वाजत होते.

पुण्यात बियाणं घ्यायला गेलो होतो तेव्हा एका मोठ्या ॲक्सेसरीजच्या दुकानात गाडी लावली. फिटर आत बसला, डेकचा आवाज पूर्ण वाढवला, दारं थरथरायला लागली तसा म्हणाला, "शेठ, चारही स्पीकरच्या कॉइल जळाल्यात. डेकचा आयसीपण जायला आलाय. सगळं एकदम बदलून घ्या." कॉइल म्हणजे स्पीकरच्या आतली तारेची गुंडाळी, आयसी म्हणजे डेकमधली आवाज वाढवणारी चिप. हातात ना मीटर, ना स्क्रू ड्रायव्हर. दाराचं पॅड न काढता, नुसता आवाज ऐकून त्याने निकाल दिला. डेक बदलायला आम्ही नकार दिला. मागचे दोन चांगले वाजतायत असं वडिलांनी दोनदा सांगितलं, त्यावर काउंटरवरचा माणूस म्हणाला, "काका, नवे-जुने एकत्र लावले तर नवेही जळतात." असं काही होत नसतं. पण ते इतक्या ठामपणे सांगतात की ज्याचा हा धंदा नाही तो काय बोलणार?

एका नामांकित जपानी कंपनीच्या नावाची चार चकचकीत खोकी काउंटरवर आली. वर मोठ्या अक्षरांत '4-वे' आणि '500 वॅट'. घासाघीस होऊन बसवण्यासकट 6,400 ठरले. वडिलांनी पक्कं बिल मागितल्यावर जीएसटी वर लागेल म्हणाले. तोही दिला, म्हणजे एकूण साडेसात हजारांच्या वर गेले. बिलावर फक्त 'कार स्पीकर सेट, 4 नग' असं लिहून दिलं. मॉडेल नंबर लिहा म्हटलं तर "कॉम्प्युटरमध्ये तसंच येतं" हे उत्तर. गाडी मागच्या गल्लीत नेली आणि 'इन्शुरन्स'चं कारण सांगून तिथे उभं राहायला मनाई केली. गाडी परत आली तेव्हा जुने स्पीकर दिसेनात. भंगारात टाकले म्हणाले. वडील हटून बसले, तेव्हा एका पिशवीत घालून आणून दिले. नव्यांची रिकामी खोकीही आम्ही मागून दुसऱ्या पिशवीत घेतली. आज आमच्या हातात जो काही पुरावा आहे तो या दोन पिशव्यांमुळे आहे.

नवे स्पीकर पहिल्या दिवशी मोठ्याने वाजले, पण आवाज पातळ आणि टोचणारा. पखवाज जवळजवळ गायबच. आवाज अर्ध्याच्या पुढे नेला की चिरकायचा. दुकानात फोन केला तर "स्पीकर रनिंग व्हायला वेळ लागतो" म्हणाले. मग पाऊस सुरू झाला आणि डाव्या बाजूचं पायपुसणं रोज भिजलेलं सापडायला लागलं. तेव्हा मात्र गाडी थेट तालुक्यातल्या एका जुन्या रेडिओ मिस्त्रींकडे नेली. काका भजनी मंडळांचे आणि बँडवाल्यांचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करतात. त्यांनी आम्हाला समोर स्टुलावर बसवलं आणि एकेक गोष्ट दाखवत दार उघडलं.

पॅड निघालं तसं पहिलं कळलं की आतला प्लॅस्टिकचा कागद फाडून टाकलेला आहे. दाराच्या काचेवरून पाणी आत उतरणारच असतं. ते पत्र्याच्या आतून वाहत खालच्या भोकांतून बाहेर जातं, आणि केबिनमध्ये येऊ नये म्हणून पॅडच्या मागे तो कागद चिकटवलेला असतो. स्पीकर पटकन बसावा म्हणून फिटरने तो ओरबाडून काढला होता. वायरिंगचा मूळ कपलर, म्हणजे वायरी जोडायचा प्लॅस्टिकचा खटका, कापलेला होता. वायरी नुसत्या पिळून त्यावर काळी टेप गुंडाळलेली, आणि त्या टेपचा चिकटपणा एवढ्यातच सुटून तांबं उघडं पडलेलं.

मग काकांनी स्पीकर बाहेर काढून माझ्या हातात दिला. त्या आकाराच्या मानाने तो फारच हलका लागला. मागे चुंबकावर काळं रबरी कव्हर होतं, वर कंपनीचं नाव. चिमट्याने ते ओढून काढलं तर आत कव्हरच्या निम्म्या रुंदीचं चुंबक आणि बाकी सगळी पोकळी. समोर मध्यभागी तीन छोटे ट्वीटर, म्हणजे उंच सुरांसाठीचे बारके स्पीकर, दिसत होते. त्यातल्या एकाला तेवढ्या दोन बारीक तारा जोडलेल्या होत्या. उरलेले दोन म्हणजे वर चकाकी दिलेल्या प्लॅस्टिकच्या टोप्या, मागे काहीही नाही. मोठा कोन आणि हे तीन ट्वीटर मिळून '4-वे' म्हणतात ते हे.

बेस का गायब होता तेही त्यांनी दाखवलं. दीड व्होल्टचा साधा सेल स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवला. सेलचा धन भाग स्पीकरच्या धन टोकाला असेल तर कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा, बाहेर सरकतो, उलटा जोडला तर आत जातो. समोरच्या दोन दारांपैकी एकाच्या वायरी उलट्या होत्या. एक कोन हवा पुढे ढकलतोय त्याच वेळी दुसरा मागे ओढतोय, म्हणजे खालचे सूर एकमेकांना मारून टाकतात. लावताना अर्धा मिनिट दिला असता तर हे झालंच नसतं.

सगळ्यात जास्त राग आला तो पुढच्या गोष्टीचा. काकांनी पिशवीतले आमचे जुने स्पीकर मीटरवर लावले. चार ओहमच्या स्पीकरची कॉइल शाबूत असेल तर मीटर चारपेक्षा थोडं कमी दाखवतो, साधारण तीन ते पावणेचारच्या दरम्यान. जळून तुटलेली असेल तर मीटर काहीच मोजत नाही. आमच्या चारही कॉइल नीट होत्या. समोरच्या दोन स्पीकरच्या कडेचा फोम तेवढा कुजून भुगा झाला होता, बोट लावलं की काळी भुकटी हाताला. ऊन, दमट हवा आणि वय यांनी फोमचं असं होतंच. मागच्या दोघांना काहीही झालेलं नव्हतं. म्हणजे दोन फोम रिंगांचं काम होतं आणि आमच्या गळ्यात चार बनावट स्पीकर मारले.

काकांनी जुन्याच स्पीकरना नव्या रिंगा आणून चिकटवल्या, कोन मध्यभागी बसतोय ना हे बोटांनी हळू दाबून पाहिलं आणि रात्रभर सुकत ठेवलं. कपलरच्या जागी वायरी सोल्डर करून वर स्लीव्ह चढवली, दारात नवा जाड कागद लावला. सगळं मिळून हजाराच्या आत झालं. भजनात पखवाज परत ऐकू यायला लागला तेव्हा वडील गाडीतून उतरायलाच तयार नव्हते.

वॅटबद्दलही सांगितलं पाहिजे, कारण त्या आकड्यावरच माल खपवतात. वेगळा ॲम्प्लिफायर न लावता गाडीचा साधा डेक एका स्पीकरला खरोखर सलग देऊ शकतो ते 15 ते 20 वॅटच्या आसपास. डेकवर '50×4' लिहिलेलं असतं ते क्षणिक कमाल. त्यामुळे खोक्यावरच्या 500 चा आपल्याला काडीचा उपयोग नाही. खरी कंपनी आरएमएस वॅट, म्हणजे सलग पेलणारी ताकद, वेगळे छापते, ते बघा. त्याहून महत्त्वाची स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक ताकदीवर तो किती मोठ्याने वाजतो, ती डेसिबलमध्ये दिलेली असते. साध्या डेकवर लावायचे असतील तर 90 किंवा वरचा आकडा घ्यावा. तीन डेसिबलचा फरक म्हणजे तेवढ्याच आवाजासाठी निम्मी ताकद पुरते.

बनावट खोकं ओळखायला इलेक्ट्रॉनिक्स कळायची गरज नाही. 2011 च्या वैधमापन नियमांप्रमाणे (पॅकबंद मालावर काय छापायचं ते सांगणारे) पॅकवर एमआरपी, उत्पादनाचा महिना-वर्ष, उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असावा लागतो. आमच्या चारही खोक्यांवर आयातदाराचा पत्ताच नाही. एमआरपीच्या जागी कोरा चौकोन आहे. खोकं तुमच्यासमोर उघडायला लावा, स्पीकर हातात घेऊन वजन बघा, रबरी कव्हर असेल तर ते सरकवायला सांगा. जो दुकानदार याला तयार नसेल तिथून निघून या. मॉडेल नंबर बिलावर आल्याशिवाय पैसे देऊ नका आणि काम चालू असताना गाडीपाशीच थांबा. 'इन्शुरन्समुळे थांबता येत नाही' हे कारण ऐकून घेऊ नका, आम्हालाही तेच सांगितलं होतं.

आम्ही सगळं घेऊन दुकानात परत गेलो तेव्हा मालकाने सरळ हात वर केले. बिलावर कंपनीचं नाव कुठे आहे, हे त्याचं पहिलं वाक्य. बिलात मॉडेल न लिहिण्याचं कारण तिथे समजलं. नंतर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर दुकानातून फोन आला, दुसरा सेट देतो म्हणाले. त्याच दुकानातला दुसरा सेट घेऊन काय करणार? आम्ही पूर्ण पैसे आणि वायरिंगचा खर्च मागितला, तो नाकारला.

आता पुणे जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे फी नाही, वकील असलाच पाहिजे असं नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते. 2019 च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातही ती दाखल होते, म्हणजे बाहेरगावच्या दुकानासाठी तिकडे खेटे घालावे लागत नाहीत. पिकअप धंद्याची आहे, मग तुम्ही ग्राहक कसे, असा मुद्दा दुकानदाराने फोनवर काढला होता. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगारात वापरलेली वस्तू कायद्याने 'व्यावसायिक' धरली जात नाही. ड्रायव्हर-मालक असलेल्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं, कारण याच वाक्याने कितीतरी जणांना गप्प बसवलं जातं.

नामांकित कंपनीच्या नावाने बनावट माल विकणं हा ट्रेडमार्क कायद्याखाली गुन्हाही आहे. म्हणून त्या कंपनीच्या भारतातल्या कार्यालयालाही खोक्यांचे फोटो पाठवलेत. तुमच्याकडे असं खोकं पडलं असेल, पत्ता नसलेलं आणि एमआरपीचा चौकोन कोरा असलेलं, तर ते फेकू नका. बिलासोबत ठेवा, कव्हर काढलेल्या चुंबकाचा फोटो घ्या आणि दोन वर्षं उलटायच्या आत तक्रार नोंदवा.