चिखलातील संगीत महोत्सवासाठी पादत्राणे: गमबूट, ट्रेकिंगचे बूट की जुने स्पोर्ट्स शूज?

उघड्या मैदानावरील संगीत महोत्सवाचे तिकीट हातात आहे आणि अंदाज पावसाचा आहे, अशा वेळी पायात काय घालावे याविषयीचा सल्ला बहुधा एका शब्दात मिळतो: गमबूट. तो पुष्कळदा बरोबरही ठरतो. मात्र एका दिवसात परतणारा, तीन रात्री तंबूत काढणारा आणि रंगमंचापुढे तासन्‌तास नाचणारा, या तिघांच्या पायांच्या गरजा सारख्या नसतात. चिखल किती खोल आहे यापेक्षा, पादत्राण पायातून न काढता किती तास वावरायचे आहे, हा प्रश्न मला अधिक निर्णायक वाटतो.

आधी चिखलाविषयी. हिरवळ हजारो पायांखाली तुडवली गेली की गवताची मुळे तुटतात, माती मोकळी होते आणि एका जोरदार सरीत मैदानाचा राडा होतो. इंग्लंडमधील समरसेट परगण्यात १९७० साली सुरू झालेला ग्लास्टनबरी महोत्सव गाईगुरांच्या शेतावर भरतो आणि त्याची १९९७, १९९८, २००७ व २०१६ ही वर्षे चिखलासाठी ओळखली जातात. जर्मनीतील वाकनच्या हेवी मेटल महोत्सवात तर २०२३ साली मैदानाची अवस्था पाहून आयोजकांना पुढचा प्रवेशच थांबवावा लागला. पाऊस चालू असताना हा चिखल पातळ असतो. तो उडतो, वरून बुटात शिरतो, पण पाय धरून ठेवत नाही. पाऊस उघडून ऊन पडले की त्यातील पाणी कमी होते आणि तोच चिखल चिकट होऊन बूट ओढू लागतो. पाय उचलताना सोलखाली हवा शिरायला वाट मिळत नाही, त्यामुळे बूट जमिनीला धरून राहतो आणि नुसता मोजा घातलेला पाय बाहेर येतो. म्हणून पहिल्या दिवशी बुटाची उंची उपयोगी पडते, तर शेवटच्या दिवशी तो पायाला किती नीट बसला आहे, यावर सारे अवलंबून असते.

उंचीच्या बाबतीत गमबुटाला तोड नाही. पोटरीपर्यंत एकसंध रबर असल्यामुळे पाणी आत जायला शिवण नसते, घोट्याच्या वर आलेल्या चिखलातही मोजा कोरडा राहतो आणि तंबूच्या दाराशी बादलीभर पाणी ओतले की बूट स्वच्छ होतो. नाडी नसल्याने अंधारात, अर्धवट झोपेत शौचालयाकडे निघतानाही तो पटकन चढवता येतो, ही सोय अनुभवल्याशिवाय तिचे मोल कळत नाही. उणिवाही तितक्याच ठळक आहेत. रबरातून हवा खेळत नाही, त्यामुळे पावसाने न भिजलेला मोजा संध्याकाळपर्यंत घामाने भिजतो. टाच आत वरखाली होऊन फोड येतात. बुटाची वरची कड उघड्या पोटरीवर घासून कातडी सोलते. आणि तळ बहुधा सपाट व पातळ असल्यामुळे दिवसभर उभे राहिल्यावर तळवे दुखू लागतात. अमेरिकी उद्योजक हायरम हचिन्सन यांनी १८५३ साली फ्रान्समध्ये रबरी बूट बनवायला सुरुवात केली, ती लाकडी पादत्राणे घालून शेतात राबणाऱ्या माणसांसाठी. शेतातला माणूस दुपारी बांधावर बसून बूट काढू शकतो. रंगमंचापुढच्या गर्दीत ती मुभा नसते.

गमबूटच घ्यायचे ठरले, तर ते घेताना थोडा वेळ द्यावा. पीव्हीसीचे बूट स्वस्त असतात, पण थंडीत ताठर होतात; नैसर्गिक रबराचे बूट मऊ असतात आणि पायाबरोबर वाकतात. ते जाड मोज्यांसह घालून पाहावेत, पोटरीपाशी बोटभर जागा राहील असे असावेत, आणि आत वेगळा मऊ इनसोल घालावा. मोजे बुटाच्या कडेपेक्षा उंच असावेत, म्हणजे कातडी सोलवटत नाही. घेताना मोठे माप हमखास सुखाचे वाटते, परंतु चिकट चिखलात पायातून निसटणारा बूट नेमका तोच असतो.

ट्रेकिंगच्या बुटांची गोष्ट उलट आहे. नाड्यांनी ते पायाला आवळून बसतात, घोट्याला आधार देतात, आणि सोलवरील खोल, एकमेकांपासून दूर असलेले खाचे चिखल धरून न ठेवता झटकून टाकतात, त्यामुळे उतारावर गमबुटापेक्षा पाय कमी घसरतो. वाहनतळापासून तंबूच्या जागेपर्यंत पाठीवर ओझे घेऊन बरेच अंतर चालायचे असेल, तर हा फरक पहिल्याच तासात जाणवतो. जलरोधक अस्तर असलेला बूट घोट्यापर्यंतच्या चिखलात पुरतो. अडचण पाणी वरून आत शिरल्यावर सुरू होते: जे अस्तर पाणी बाहेर रोखते, तेच आत आलेले पाणी बाहेर जाऊ देत नाही, आणि असा बूट तंबूतल्या दमट हवेत रात्रभरात वाळत नाही. बुटावर बांधायचे गेटर, म्हणजे घोट्यापासून पोटरीपर्यंतचे जलरोधक आवरण, जोडले तर ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघते. माझ्या मते या दोन वस्तूंची जोडी गमबुटाची खरी प्रतिस्पर्धी आहे, आणि पदभ्रमणाची सवय असलेल्यांकडे ती बहुधा घरात आधीपासूनच असते.

जुने स्पोर्ट्स शूज घालून जाण्यामागे एक सरळ हिशेब असतो: भिजणारच आहे, मग भिजू द्यावे, आणि परतल्यावर टाकून द्यावे. जाळीदार कापडाचे शूज पाणी जसे आत घेतात तसे बाहेरही सोडतात, हलके असतात, नाचायला सर्वांत सोयीचे असतात. उबदार हवेत आणि एका दिवसापुरता हा हिशेब जमतो. थंडीत किंवा मुक्कामात तो फसतो, कारण ओले पाय दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच ओल्या शूजमध्ये घालावे लागतात.

नियोप्रीन (स्पंजासारखे कृत्रिम रबर) व रबर यांचे मिश्र बूट गमबुटापेक्षा मऊ व उबदार असतात. थंड रात्रींसाठी चांगले, कडक उन्हात असह्य. सँडल आणि चपला या तुलनेत धरू नयेत. चिखलाखाली तंबूचे खुंटे, फुटक्या बाटल्यांच्या काचा व वाकलेले पत्रे दिसत नाहीत, आणि गर्दीत दुसऱ्याचा बूट उघड्या बोटांवर पडतो तो वेगळाच.

कोणतेही पादत्राण निवडले तरी पाय सतत ओला राहिला, तर कातडी पांढरी पडून मऊ होते आणि बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. गारठ्यात दीर्घकाळ ओले राहिल्यास नसांना व रक्तवाहिन्यांना इजा होते. पहिल्या महायुद्धातील खंदकांत हजारो सैनिकांचे पाय याच कारणाने निकामी झाले होते, आणि हा अपाय होण्यासाठी तापमान गोठणबिंदूपर्यंत उतरावे लागत नाही. महोत्सवात परिस्थिती इतकी बिकट सहसा होत नाही, परंतु सुती मोजे ओलावा धरून ठेवतात, म्हणून लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे मोजे दिवसाला दोन जोड या हिशेबाने न्यावेत. त्यांपैकी झोपतानाचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा आणि काही झाले तरी तंबूबाहेर घालू नये.

एका दिवसासाठी जाणाऱ्याने, घोट्यापर्यंतचा चिखल गृहीत धरून, ट्रेकिंगचे बूट व गेटर निवडावेत. हवा उबदार असेल आणि नाचणे हाच हेतू असेल, तर जुने स्पोर्ट्स शूजही चालतील. मुक्कामाला जाणाऱ्याने, विशेषतः आधीचे काही दिवस पाऊस पडून गेला असेल तर, गमबूट घ्यावेत, पण एकटे गमबूट घेऊ नयेत: पायांना रोज काही तास मोकळीक देणारा दुसरा हलका, बंद जोड सामानात हवाच. जागा एकाच जोडाची असेल, तर मी मुक्कामालाही ट्रेकिंगचे बूटच नेईन, कारण त्यांत एखादा तास ओला पाय सोसता येतो, पण गमबुटात तीन दिवस फोड आलेली टाच सोसत नाही. नवा जोड असेल तर निघण्याआधी निदान आठवडाभर, त्याच जाड मोज्यांसह, रोज तासभर घालून फिरावे. टाच कुठे घासते हे तेव्हा कळले, तर तेवढ्या जागी चिकटपट्टी लावून निघता येते.