कॅसिओ एफएक्स-९९१ईएक्सचं ‘फॅक्ट’ बटण: कंस आला की सावध

दहा अंकांपर्यंतच्या संख्येचे मूळ अवयव पाडायला हा कॅल्क्युलेटर झकास आहे. फक्त त्याचं उत्तर नीट वाचता आलं पाहिजे.

संख्या टाइप करा, ‘=’ दाबा, मग शिफ्ट आणि अंश-मिनिट-सेकंदाचं बटण (हेच ‘फॅक्ट’). नव्या सीडब्ल्यू मॉडेलमध्ये हीच सोय ‘फॉरमॅट’ मेनूत गेली आहे. दशांश किंवा ऋण संख्या दिली तर ‘मॅथ एरर’ ठरलेली.

दहा वेळा ९ टाकून बघा: ३² × ११ × ४१ × २७१ × ९०९१. इथून पुढचं काम आपलं. घातांकांत एकेक मिळवून गुणाकार केला की एकूण विभाजक ४८. त्यांची बेरीज १३ × १२ × ४२ × २७२ × ९०९२ (१३ म्हणजे १ + ३ + ३², १२ म्हणजे १ + ११, पुढेही तसंच), पण पडद्यावर दहाच सार्थ अंक मावतात, म्हणून १.६२०३२५३२५ × १०¹⁰ दिसतं. त्यातून १६,२०,००,००,००० वजा करा, लपलेलं शेपूट बाहेर येतं: ३२,५३,२४८. म्हणजे बेरीज १६,२०,३२,५३,२४८.

आता खरी मेख. हे यंत्र तीन अंकी मूळ संख्यांपर्यंतच, म्हणजे ९९७ पर्यंतच, भाग देऊन पाहतं. ९९७ नंतरची मूळ संख्या १००९; उरलेला आकडा १००९², म्हणजे १०,१८,०८१ पेक्षा लहान असेल तर तो मूळच असणार, म्हणून तो सरळ दाखवतं. त्याहून मोठा असेल तर कंसात टाकून मोकळं होतं. ४१,०४,६७६ चं उत्तर २² × (१०२६१६९) येतं. कंसातला आकडा १०१३ चा वर्ग आहे. उलट २³² + १ दिल्यावर ६४१ × (६७००४१७) येतं, आणि हा कंसातला आकडा चक्क मूळ आहे! तेव्हा कंसाचा अर्थ एवढाच: ‘पुढचं तुम्ही बघा’.

बघायचं कसं? कंसातला आकडा पुन्हा टाइप करावा लागतो, कारण शेवटचं उत्तर साठवणाऱ्या ‘आन्स’मध्ये आधीची पूर्ण संख्याच असते. आधी वर्गमूळ काढा. ६७,००,४१७ चं २५८८.५ च्या आसपास येतं, म्हणजे १००९ ते २५७९ मधल्या दोनशेवर मूळ संख्या तपासणं आलं. मात्र २³² + १ चा प्रत्येक मूळ अवयव १२८k + १ या रूपाचाच असतो (६४१ = १२८ × ५ + १). त्या टप्प्यात या रूपाच्या मूळ संख्या दोनच, ११५३ आणि १४०९. पहिलीने भागल्यावर बाकी ३३४, दुसरीने ६२२. संपलं काम. २^(२ⁿ) + १ या रूपाची प्रत्येक संख्या मूळ असते, हा गणितज्ञ फर्माचा अंदाज ऑयलरने १७३२ मध्ये ६४१ शोधून खोटा ठरवला, तो याच संख्येवर.

दहा अंकांपुढे या बटणाच्या नादी लागू नका. संगणकावर पारी-जीपी हे गणिताचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात २⁶⁷ − १ चे १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ हे दोन्ही अवयव लगेच येतात, कंसबिंस काही नाही.