हाताने रंगवलेली लोकर: मोजे विणायचे की अंगात घालायचं काहीतरी? कोकणात राहून ठरवताना

परवा भाचीचा फोन आला, मावशी हाताने रंगवलेल्या लोकरीची एक लड बघितलीये, निळी-हिरवी, घेऊ का, आणि घेतली तर मोजे करू की टॉप. ती वेंगुर्ल्याला, मी देवगडजवळ, म्हणजे दोघींकडे हवा तीच, दमट. तासभर बोललो तरी माझं सांगून संपलं नाही म्हणून सगळं लिहून काढतेय. विणकामाचं जे ऑनलाइन वाचायला मिळतं ते बहुतेक थंड मुलखातल्या लोकांनी त्यांच्या हवेसाठी लिहिलेलं असतं, आपण ते तसंच्या तसं उचलतो आणि मग तीन महिने विणलेला स्वेटर कपाटात पडून राहतो.

माझं मत आधीच सांगून टाकते. पहिल्यांदाच घेत असाल तर एकच लड घ्या आणि मोजे विणा. कपडा नंतर, आणि तो लोकरीत नको, सुतात करा.

आधी हिशोब. मोज्यांसाठीची लड साधारण १०० ग्रॅमची असते, धागा ४०० मीटरच्या आसपास, आणि बहुतेक वेळा त्यात ७५ टक्के मेरिनो, म्हणजे मेरिनो मेंढीची मऊ लोकर, नि २५ टक्के नायलॉन असतं. मोठ्या माणसाचे मोजे एका लडीत आरामात होतात, थोडी लोकर उरतेसुद्धा. त्याच जाडीच्या धाग्यात बायकांचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर करायचा तर १२०० ते १५०० मीटर लागतो, म्हणजे तीन-चार लड्या. मला शेवटची लड बाराशे रुपयांना पडली होती, चार लड्यांचे किती होतात ते बघा, आणि हे सगळं कशासाठी तर वर्षातले दहा-पंधरा दिवस घालायला. टाक्यांचं पण तसंच आहे, मी ६४ टाक्यांवर मोजा करते, जोडीला वीस हजाराच्या आसपास टाके पडतात, स्वेटरला त्याच्या चार-पाच पट.

पैशाचं एक वेळ सोडा, खरी अडचण रंगाची आहे. अ‍ॅसिड डाय म्हणजे लोकर, रेशीम नि नायलॉनला चालणारा रंग, तो गरम पाण्यात व्हिनेगर किंवा लिंबूसत्व घालून चढवतात, आणि भांड्यात मावतील तेवढ्याच लड्या एका वेळी होतात. पुढच्या घाण्याला पाणी थोडं कमी-जास्त, आच थोडी वेगळी, रंग ओतणारा हात थोडा वेगळा, की लड वेगळी निघाली. त्यात दोष काही नाही, हाताचं काम म्हणजे हेच, आणि मला तर ते त्यासाठीच आवडतं. पण कपड्यात हे दिसतं. मी एकदा दोन लड्या घेतल्या, अंग विणून झालं, बाह्यांना कमी पडणार हे लक्षात आल्यावर दोन महिन्यांनी त्याच नावाचा रंग परत मागवला, तर आला तो एक छटा गडद. बाह्या लांबूनही वेगळ्या ओळखू यायच्या. शेवटी सगळं उसवलं आणि दोन्ही लड्यांमधून दोन-दोन ओळी आलटून पालटून विणत पुन्हा केलं, तेव्हा कुठे नजरेला सारखं वाटलं. तर कपडा करायचाच असेल तर लागणारी सगळी लोकर एकदम घ्या, वर एक लड जास्त घ्या, आणि पहिल्या ओळीपासून दोन लड्या फिरवत विणा, मागून जोडायला जाऊ नका. मोज्यांना यातलं काहीच लागत नाही, एक लड नि एक जोडी, दोन मोजे थोडे वेगळे दिसले तर ते उलट छान दिसतं.

अजून एक गोष्ट जी लडीच्या फोटोत कळतच नाही. लड म्हणजे दीड-दोन मीटर घेराचा मोठा वेढा, आणि रंग त्या वेढ्यावर ठरावीक जागी पडलेला असतो, म्हणजे धागा सरळ केला की तोच क्रम पुन्हा पुन्हा येतो. मोज्याचा एक फेरा लहान असतो, ६४ टाक्यांना साधारण साठ-पासष्ट सेंटिमीटर धागा जातो, त्यामुळे रंग गोल फिरत पट्टे किंवा तिरक्या रेघा होतात आणि प्रत्येक मोजा विणताना पुढे काय येणार याची उत्सुकता असते. तीच लोकर अडीचशे टाक्यांच्या घेरावर घातली की रंग कुठेतरी गोळा होतो, पोटावर एक मोठा निळा डाग, पाठीवर हिरवा, जसं काही सांडलंय. एक टाका कमी-जास्त केला की डाग सरकतो, पण सरकून कुठे जाईल ते विणल्याशिवाय कळत नाही. ज्या लोकरीत एकाच रंगाच्या हलक्या-गडद छटा आहेत ती कपड्याला चालते, चार-पाच भडक रंगांची असेल तर डोळे मिटून मोज्यांना घ्या.

आता मुख्य प्रश्न, जो मला सगळे विचारतात, कोकणात लोकरीचे मोजे घालणार कोण? घालतात हो. सासूबाईंना मी केलेली पहिली जोडी त्यांनी हातात घेऊन बाजूला ठेवली होती, पण जानेवारीत पहाटे फरशीवर पाय टाकवेना तेव्हा घातले, आणि खरं आश्चर्य म्हणजे पावसाळ्यात पण घालायला लागल्या. पावसात पाय गार आणि ओलसर राहतात ना, तिथे लोकर कामाला येते, लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओलावा पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. सुती मोजा तेवढ्यात चिकट नि थंडगार होतो. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “पायांक बरां वाटता गो.” त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप झालं. शिवाय कोकणकन्येत एसीच्या डब्यातून रात्रभर जाणारे, पुण्या-मुंबईत एसी ऑफिसात बसणारे, परदेशात गेलेली मुलं, प्रत्येक घरात एक तरी पाय निघतोच. दापोलीकडे तर थंडी चांगलीच पडते, तिथल्या लोकांना हे समजावायला नको.

स्वेटरला मात्र किनाऱ्यावर दिवसच मिळत नाहीत. मोजा पायात असतो, स्वेटर अख्ख्या अंगावर, आणि आपल्या हवेत घाम वाळतच नाही तर मेरिनो कितीही मऊ असो, तासाभरात काढून ठेवता. मग तो कपाटात जातो, आणि कपाटात कसर. कसरीची अळी लोकर खाते, सूत खात नाही, आणि जिथे घामाचा किंवा जेवणाचा डाग राहिलाय तिथे आधी लागते. म्हणून ठेवण्याआधी धुवून, पूर्ण वाळवून, घट्ट बंद पिशवीत. आमच्याकडे कडुलिंबाचा पाला घालतात, मी पण घालते, पण एकदा एका शालीला भोकं दिसल्यावर मी ती पिशवीत बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवली, त्याने पुढचं वाचलं. मोज्यांचं बरं असतं, ते वापरात राहतात, आणि जे वापरात राहतं त्याला कसर लागायला वेळ मिळत नाही.

धुण्याचं पण बघा. हाताने रंगवलेली मेरिनो बहुतेक सुपरवॉश असते, म्हणजे लोकरीच्या केसावरचे बारीक खवले क्लोरीनने काढून वर पातळ थर दिलेला असतो, त्यामुळे ती आटून घट्ट होत नाही आणि रंग पण भरभर ओढते. पण खवलेच नाहीत म्हणून ओली झाली की सैल पडून लांबते. मोज्यात हे जाणवत नाही कारण मोजा पायापेक्षा एक दशांशाने लहानच विणायचा असतो, ताणून बसतो. स्वेटर मात्र मांडीपर्यंत येतो. कपडा करायच्या आधी चौकोनी तुकडा विणून, धुवून, खाली चिमटे लावून एक रात्र टांगून ठेवा आणि मग माप घ्या. आणि जुलै महिन्यात ओला स्वेटर आडवा पसरून वाळवायला जागा कुठे आहे? आमच्या पडवीत चौथ्या दिवशी पण कुबट वास येत होता. मोजे पंख्याखाली दीड दिवसात वाळले.

सुतात कपडा का म्हणते ते यावरून कळेलच. पण सुताचे पण नखरे आहेत. त्याला ताण नाही, म्हणजे ताणलं की परत जागेवर येत नाही, वजन जास्त, लांब बाह्यांचा घट्ट विणीचा सुती स्वेटर स्वतःच्या वजनाने ओघळतो. म्हणून जाळीदार वीण, अर्ध्या बाह्या, कमी लांबी, असा टॉप करा, ८०० ते १००० मीटरमध्ये होतो आणि चतुर्थीच्या गर्दीत सुद्धा अंगात राहतो. मोठ्यांचे मोजे सुतात नका करू, मी दोन जोड्या केल्या, दोन्हींची टाच काही महिन्यांत गेली आणि वरची एक सुलट एक उलटची पट्टी सैल होऊन घोट्यावर गोळा व्हायची. नायलॉन नाही नि लोकरीचा ताण नाही, तर टाच टिकणार कशी.

आता विकतची रंगवलेली घ्यायची की घरी रंगवायची. इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण हा माझा जीव की प्राण विषय आहे.

भडक निळा, फिरोजी, गुलाबी, एकाच लडीवर चार रंगांचे शिंतोडे, हे हवं असेल तर विकतची घ्या, त्या लोकांचा हात बसलेला असतो. फक्त गडद निळा-लाल असेल तर विणायच्या आधी धाग्याचं टोक ओलं करून पांढऱ्या फडक्यात दाबून बघा. माझ्या एका जोडीचा निळा रंग पहिल्याच धुण्यात पांढऱ्या चवड्यावर उतरला आणि तो कायमचा राहिला.

घरी करायचं तर आपल्या आजूबाजूला माल भरपूर आहे. फणसाच्या लाकडाचा भुसा सॉ मिलमध्ये मागितला तर पिशवीभर देतात, फक्त आतल्या पिवळ्या गाभ्याचा घ्या. रात्रभर भिजवून तासभर उकळा, गाळा, तुरटी लावलेली लोकर त्यात सोडा, असा सोनेरी पिवळा येतो की बघत बसावं. बौद्ध भिक्खूंची वस्त्रं या लाकडाने रंगवायची जुनी रीत आहे, म्हणजे रंग टिकाऊ आहे. तुरटी लोकरीच्या कोरड्या वजनाच्या १० ते १५ टक्के. सुताला आधी हिरड्याचं पाणी द्यावं लागतं, त्यातल्या टॅनिनला, म्हणजे तुरट द्रव्याला, तुरटी धरते आणि तुरटीला रंग, ती पायरी गाळलीत तर फिका फिका रंग येऊन दोन धुण्यात जाईल. काजूगरावरची तांबूस साल, जी आपण चोळून फेकतो, ती छान तपकिरी देते. पण काजूचं बाहेरचं टरफल चुकूनही उकळू नका, त्यातल्या तेलाने कातडी जळते, हे आपल्याकडे काजू भाजणाऱ्या प्रत्येक बाईला माहिती आहे.

हळद, कोकम, जांभूळ, जास्वंद यांचा मोह होतो, मला पण झाला होता. कोकमाचा लाल धुण्यात जातो, हळद साबणाने लाल होते नि उन्हात उडते. महिनाभर विणायच्या वस्तूला असला रंग लावू नका.

आणि पाणी. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. जांभ्या दगडात लोह असतं आणि काही विहिरींच्या पाण्यात ते उतरतं. फणसाचा पिवळा मी आधी विहिरीच्या पाण्यात केला तर शेवाळी आला, मला वाटलं तुरटी कमी पडली, दुसऱ्यांदा वाढवली तरी तेच. मग पावसात पागोळ्यांचं पाणी धरून केला, पहिला पाऊस कौलं धुवून गेल्यानंतरचं, आणि पिवळा पिवळाच राहिला. लोह रंगाला काळपट करतं, रंगारी मुद्दाम चिमूटभर हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, घालतात ते त्यासाठीच. आता शेवाळी हवा असेल तेव्हा मी विहिरीचं पाणी घेते.

सुताला भडक रंग हवे असतील तर झाडपाल्यात अडकू नका, रिअ‍ॅक्टिव्ह रंग घ्या. १९५६ साली आयसीआय या ब्रिटिश कंपनीने प्रोसियन नावाने ते पहिल्यांदा बाजारात आणले, ते सुताशी रासायनिक बांधले जातात, गरम करायला लागत नाहीत, धुण्याचा सोडा नि आपली उकाड्याची हवा पुरते. फक्त न चिकटलेला रंग निघेपर्यंत धुवायला पाणी खूप लागतं, एप्रिल-मे मध्ये टँकर येत असेल तर तेव्हा करू नका. पावडर हाताळताना नाकाला फडकं बांधा, आणि रंगाची भांडी वेगळी, ती परत स्वयंपाकात नाहीत, नैसर्गिक रंग असला तरी नाहीत.

मोजे आणि कपडा यांच्या मधलं पण एक काम आहे, बाळंतविडा. टोपडं, अंगडं, मोजे, सगळं मिळून एक-दोन लड्यांत होतं, कपडा शिकून होतो आणि उसवायला लागलं तरी जीव जात नाही. तिथे मऊ सूत, फिके रंग आणि सगळं दोनदा धुतलेलं, कारण बाळ ते तोंडात घालणारच. ज्यांना मोजे आवडत नाहीत त्यांनी इथून सुरुवात करावी.

भाचीने शेवटी ती निळी-हिरवी लड घेतली. तिला म्हटलंय की आधी फडक्यात दाबून बघ, मग दोन खुर्च्यांच्या पाठीवर लड अडकवून गुंडा कर, गुंता झाला तर ओढू नकोस, आणि पहिला मोजा झाला की त्याच रात्री दुसऱ्याचे टाके सुईवर घाल, नाहीतर तो राहतो.