विंक्सच्या शर्यतींचे मोफत रिप्ले : कोणते बघावेत, कसे बघावेत

इंदुरात रेसकोर्स रोड आहे, पण शर्यत बघायची तर मुंबई-पुणेच गाठावं लागतं. त्यामुळे यूट्यूबवरचे ऑस्ट्रेलियन शर्यतींचे रिप्ले इथल्या घोडेवेड्यांसाठी मोठीच सोय आहे. त्यातही विंक्स ही ऑस्ट्रेलियन घोडी. 43 शर्यती, 37 विजय, त्यातले शेवटचे 33 सलग आणि 25 ग्रुप वन, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या शर्यतींतले. ट्रेनर ख्रिस वॉलर, बहुतेक शर्यतींत पाठीवर ह्यू बोमन. गवताच्या ट्रॅकवरची अशी घोडी पुन्हा कधी दिसेल सांगता येत नाही.

या रिप्लेंचा खरा फायदा म्हणजे तिची झेप मोजता येते. साधारण घोडा पूर्ण दौडीत 5 सेकंदांत सुमारे 12 झेपा घेतो, विंक्स 14च्या आसपास. व्हिडिओ 0.25 वेगावर लावा, म्हणजे 5 सेकंदांचे 20 होतात. पुढचा एकच पाय धरा आणि तोच पाय जमिनीला टेकला की एक मोजा. दोन्ही पुढचे पाय मोजले की आकडा दुप्पट होतो, सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. रिझोल्यूशन किमान 720 ठेवा, 480ला टापा गवतात मिसळून जातात. मोजणी शेवटच्या सरळ टप्प्यात करा, कारण वळणावर घोडे एकमेकांच्या आड येतात. लॅपटॉपवर असाल तर व्हिडिओ थांबवून फुलस्टॉपचं बटण दाबलं की एकेक फ्रेम पुढे सरकते.

हे एकदा जमलं की मेलबर्नच्या मूनी व्हॅली ट्रॅकवरची कॉक्स प्लेट ही शर्यत वेगळीच दिसू लागते. तिच्या काळात तिथला शेवटचा सरळ टप्पा जेमतेम 173 मीटरचा होता. लांब ढांगांच्या घोड्याला वेग धरेपर्यंत शर्यत संपलेली असायची. विंक्स मात्र वळणावरच झेपा वाढवते. 2040 मीटरची ही शर्यत तिने 2015 ते 2018 सलग चार वेळा जिंकली. 2016ला आठ लेंग्थचं (एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) अंतर होतं, पण शिकायला 2017ची जास्त चांगली : ह्युमिडॉर हा घोडा अर्ध्या लेंग्थवर येऊन भिडला आणि तिने 2:02.94 वेळ देऊन स्वतःचाच विक्रम मोडला. त्याच वर्षीची सिडनीच्या रँडविक ट्रॅकवरची 1400 मीटरची वॉर्विक स्टेक्सही बघा. गेटमधून ती उशिरा निघाली, सगळ्यांच्या मागे पडली, तरी फॉक्सप्लेला अगदी शेवटी गाठलं. 2016ची डॉनकास्टर 56.5 किलो वजन घेऊन जिंकलेली आहे, तीही सोडू नका. हार बघायची असेल तर एप्रिल 2015ची ऑस्ट्रेलियन ओक्स, 2400 मीटर, पुढे गस्ट ऑफ विंड. त्यानंतर ती कधीच हरली नाही.

एकत्र जोडलेले ‘सर्वोत्तम क्षण’ छापाचे व्हिडिओ घेऊ नका. त्यात सुरुवातीचे हजारेक मीटर कापलेले असतात, वर संगीत चढवलेलं असतं. घोडी कितव्या क्रमांकावर, रेलिंगपासून किती बाहेर धावत होती हे कळतच नाही, आणि जॉकीचं सगळं काम तिथेच असतं. अधिकृत वाहिनीवरची पूर्ण शर्यतच लावा. कॉमेंटरीचा वेग सुरुवातीला झेपत नाही, तेव्हा पहिल्यांदा आवाज बंद ठेवून फक्त तिच्यावर नजर ठेवलेली बरी.

काही जण चित्र आरशातल्यासारखं उलटं करून चढवतात. मूनी व्हॅलीवर घोडे डाव्या हाताला वळतात, रँडविकवर उजव्या. शंका आली तर खोगिराखालच्या कापडावरचा आकडा वाचा, तो उलटा दिसला की व्हिडिओ बंद करा.