नौपाड्यातील चित्रवाचनाचा वर्ग : एक अभिप्राय

ठाण्यात चित्रकलेच्या वर्गांची कमतरता नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांची तयारी करून घेणारे शिक्षक नौपाड्यात, पाचपाखाडीत, वर्तकनगरात सहज सापडतात. मात्र समोरचे चित्र कसे पाहावे, त्याचा अर्थ कसा लावावा आणि लावलेला अर्थ त्याच चित्रातून इतरांना कसा पटवून द्यावा, एवढेच शिकवणारा वर्ग माझ्या पाहण्यात हा पहिलाच आहे. नौपाड्यातील एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर तो रविवारी सकाळी भरतो. चालवणाऱ्या बाईंना प्रसिद्धी नको असल्यामुळे त्यांचे नाव येथे देत नाही. नौपाडा परिसरातील चित्रकलेच्या शिक्षकांकडे चौकशी केल्यास पत्ता मिळतो. मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. नकाशे, आलेख आणि छायाचित्रे हे माझे रोजचे साहित्य असल्याने, विद्यार्थी चित्राखालची ओळ वाचून चित्र पाहिल्यासारखे मानतात आणि पान उलटतात हे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. त्यावर काही उपाय सापडावा या हेतूने मी प्रवेश घेतला.

वर्गाची पद्धत अगदी साधी आहे. पडद्यावर एक चित्र येते, त्याचे नाव किंवा चित्रकार सांगितला जात नाही, आणि काही मिनिटे कोणी काहीही बोलायचे नसते. मग बाई तीन प्रश्न विचारतात : या चित्रात काय चालले आहे? हे तुम्ही कशावरून म्हणता? आणखी काय दिसते? हे प्रश्न बाईंनी स्वतः रचलेले नाहीत आणि तसे त्या पहिल्याच दिवशी सांगतात. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये 1983 ते 1993 या काळात शिक्षण विभागाचे प्रमुख असलेले फिलिप येनवाइन आणि मानसशास्त्रज्ञ अ‍ॅबिगेल हाउसेन यांनी मिळून ही पद्धत घडवली. संग्रहालयात तज्ज्ञांची व्याख्याने ऐकून बाहेर पडलेल्या प्रेक्षकांच्या मनात त्यातले फारच थोडे उरते, ही अडचण तिच्या मुळाशी होती. या पद्धतीत शिकवणाऱ्याने कोणाचेही उत्तर बरोबर किंवा चूक ठरवायचे नसते. बोलणारा चित्राच्या ज्या भागाविषयी बोलत असेल त्या भागावर बोट ठेवायचे, त्याचे म्हणणे नेमक्या शब्दांत पुन्हा मांडायचे आणि ते आधी कोणी मांडलेल्या म्हणण्याशी जोडून दाखवायचे, एवढेच त्याचे काम.

वाचताना हे सोपे वाटेल, परंतु दुसरा प्रश्न भल्याभल्यांना अडवतो. पहिल्या सत्रात विठ्ठलाच्या मूर्तीचे छायाचित्र दाखवले गेले आणि बाईंनी सांगितले, की हा कोण आहे हे आपल्याला ठाऊक नाही असे समजून केवळ दिसते तेवढे सांगा. वर्गात बसलेल्या एका आजींना ते जवळजवळ अशक्य झाले. त्या म्हणाल्या, "अहो, हा विठोबा आहे, भक्ताची वाट पाहत उभा आहे." त्यावर बाईंनी अतिशय आदराने विचारले, "आजी, वाट पाहतो आहे हे तुम्हाला या मूर्तीत कशावरून दिसलं?" आजींनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, की दोन्ही पाय जुळवून सरळ उभा आहे, हात कमरेवर आहेत, त्या हातांत कसलेही शस्त्र उगारलेले नाही, म्हणजे याला कुठे जायचे नाही आणि कोणाशी लढायचेही नाही. मूर्तीविषयीचे इतके नेमके निरीक्षण मी फार क्वचित ऐकले आहे.

या उदाहरणावरूनच बाईंनी अर्विन पानोफ्स्की या कला-इतिहासकाराने 1939 मध्ये मांडलेले अर्थाचे तीन थर समजावले. कमरेवर हात ठेवून विटेवर उभी असलेली मानवाकृती हा पहिला थर, जो कोणत्याही देशातल्या माणसाला दिसेल. हा विठ्ठल आहे आणि वीट पुंडलिकाने फेकलेली आहे हा दुसरा थर. त्यासाठी कथा माहीत असावी लागते. उभ्या राहिलेल्या, शस्त्र न उगारणाऱ्या आणि दर्शनाला येणाऱ्याला पायांवर डोके टेकू देणाऱ्या देवाभोवती शेतकरी-कष्टकऱ्यांचा एवढा मोठा संप्रदाय का उभा राहिला, हा तिसरा थर, आणि त्यासाठी तो समाज समजून घ्यावा लागतो. आपण बहुतेक वेळा थेट दुसऱ्या थरावर उडी मारतो, नाव ओळखले की पाहणे थांबवतो. पहिल्या थरावर रेंगाळायला लावणे हे या वर्गाचे सर्वांत मोठे देणे आहे असे माझे मत झाले.

चित्रकलेच्या सत्रांत सर्वांत रंगले ते राजा रवि वर्मांच्या शकुंतलेचे. 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या त्यांच्या छापखान्यातून निघालेल्या रंगीत चित्रांमुळे त्यांच्या नायिका महाराष्ट्रातल्या कित्येक घरांच्या भिंतींवर पोहोचल्या, त्यामुळे चित्र अनोळखी नव्हते. तरीही प्रश्न होताच : ही स्त्री पायातला काटा काढते आहे की काढण्याचे निमित्त करते आहे? संस्कृत नाटक वाचलेल्यांना उत्तर माहीत असते. तिथे दर्भाचा अंकुर रुतल्याचे निमित्त करून शकुंतला दुष्यंताकडे वळून पाहते. परंतु नाटक कधीही न वाचलेल्या, बारावीत शिकणाऱ्या एका मुलीने ते चित्रातूनच सिद्ध केले. पाय उचललेला आहे, हात पायाशी आहे, तोल सावरायला सखीचा आधार आहे, पण नजर पायाकडे नाही. काटा खरोखर रुतलेला माणूस काट्याकडे पाहील. ज्याच्याकडे ती पाहते तो चित्रात कुठेही नाही, म्हणजे तो चित्राच्या चौकटीबाहेर आहे आणि चित्रकाराने त्याला मुद्दाम बाहेर ठेवले आहे, इथपर्यंत ती मुलगी स्वतःच्या बळावर आली.

येनवाइन यांच्या मूळ पद्धतीत शिक्षकाने स्वतःहून माहिती पुरवायची नसते. बाई मात्र चर्चा संपल्यावर माहिती देतात, आणि मला हा बदल योग्य वाटतो. त्याचे कारण दिवा हातात घेतलेल्या स्त्रीच्या प्रसिद्ध जलरंग चित्राच्या वेळी कळले. दिव्यावर आडवा धरलेला हात, बोटांमधून झिरपणारा तांबूस प्रकाश आणि खालून उजळलेला चेहरा यांविषयी गटाने उत्तम चर्चा केली. परंतु चित्रकार कोण, यावर जवळपास सर्वांनी एकमुखाने रवि वर्मांचे नाव घेतले. प्रत्यक्षात ते सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम हळदणकरांचे चित्र आहे, मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलादालनात आहे, आणि त्यातील स्त्री म्हणजे त्यांची मुलगी गीता. चित्र 1945-46 च्या सुमाराचे, तर रवि वर्मांचे निधन 1906 मध्ये झालेले. केवळ पाहून ही चूक दुरुस्त होणे कठीण होते. आपल्याच मराठी चित्रकाराचे इतके गाजलेले चित्र आपण सरसकट दुसऱ्याच्या नावावर करतो, याचे मला मनापासून वाईट वाटले, आणि बाईंनी हळदणकरांच्या जलरंगातील प्रभुत्वाविषयी आणखी अर्धा तास बोलायला हवे होते असेही वाटले.

वारली चित्रांचे सत्र प्रत्येक ठाणेकराने एकदा तरी अनुभवावे. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत डहाणू आणि तलासरी हे तालुके आपल्याच जिल्ह्यात होते, आणि आज आपल्याकडील सोसायट्यांच्या कुंपणभिंतींवर व पुलांच्या खांबांवर तारपा वाजवणारा माणूस आणि त्याच्याभोवती फेर धरणारी माणसे रंगवलेली असतात. बाईंनी आधी तशाच एका भिंतीचे छायाचित्र दाखवले आणि नंतर लग्नाच्या चौकाचे. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेल्या या चौकात पालघट देवी असते, तो सुवासिनी काढतात, आणि त्याशिवाय परंपरेने लग्न लागत नाही. चौक आणि देवी काढून टाकून फेर तेवढा उचलला की तीच आकृती विधीतून सुटून शोभेची होते, हे दोन चित्रे शेजारी ठेवल्यावर कोणी न सांगता दिसले. चर्चा मात्र तक्रारीवर थांबली नाही. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रे विधीबाहेर, कागदावर आणि कापडावर आणली, पुरुष असून आयुष्यभर ती काढली आणि 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा विधीबाहेर येणे म्हणजे अर्थ गमावणेच असे मानता येत नाही, हा मुद्दा एका निवृत्त रेल्वे कर्मचारी काकांनी मांडला आणि तो मला अजूनही विचारात पाडतो.

आपण काय शोधतो आहोत यावर आपल्याला काय दिसते ते ठरते, हे पटवण्यासाठी आल्फ्रेड यार्बस या रशियन संशोधकाच्या प्रयोगाचा आधार घेतला गेला. हद्दपारीतून अचानक घरी परतलेल्या माणसाचे इल्या रेपिन यांनी रंगवलेले चित्र दाखवून यार्बसने प्रेक्षकाच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या होत्या. माणसांची वये सांगा म्हटल्यावर नजर चेहऱ्यांवर फिरली. घरची आर्थिक स्थिती सांगा म्हटल्यावर तीच नजर कपड्यांकडे आणि सामानाकडे वळली. मला शिक्षक म्हणून याचा थेट उपयोग झाला. आता पाठ्यपुस्तकातील छायाचित्र दाखवण्यापूर्वी कोणता प्रश्न विचारायचा हे मी आधी ठरवते.

छायाचित्रांच्या सत्रात नेरूळच्या पाणथळीतील रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, नेहमी दिसणारे दृश्य निवडले होते : गुलाबी थवा आणि त्याला खेटून उभे असलेले मनोरे. लांबून, दूरदर्शी भिंगाने टिपलेल्या छायाचित्रात पुढचे आणि मागचे यांतील अंतर दबून गेल्यासारखे दिसते, त्यामुळे पक्षी इमारतींच्या पायथ्याशीच उभे असल्याचा भास होतो. हे तंत्र समजल्यावर छायाचित्र खोटे ठरत नाही. शहर पाणथळीच्या किती जवळ आले आहे हे सांगण्याची छायाचित्रकाराची निवड त्यातून कळते, आणि तो दावा पडताळायचा तर नकाशा उघडावा लागतो. याच सत्रात फ्रेंच विचारवंत रोलां बार्थ यांनी 1964 मध्ये जाहिरातीच्या चित्राविषयी मांडलेला विचारही आला, की चित्राला अनेक अर्थ असू शकतात आणि खालचा मजकूर त्यातल्या एकाला बांधून ठेवतो. एकाच छायाचित्राखाली दोन वेगळे मथळे लावून बाईंनी ते दाखवले.

इथपर्यंत मी समाधानी होते. उपग्रह प्रतिमांच्या सत्राने मात्र माझी निराशा केली, आणि माझा विषयच तो असल्याने ती अधिक जाणवली. ठाणे खाडीची मिथ्यावर्णी, म्हणजे खऱ्याऐवजी ठरवून दिलेल्या रंगांतली, प्रतिमा पडद्यावर आली, त्यात कांदळवने लालभडक दिसत होती आणि गटातील अनेकांना तिथे आग किंवा प्रदूषण दिसले. निरोगी पाने सूर्यप्रकाशातील निकट-अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या किरणांना प्रतिमेत लाल रंग दिला जातो, म्हणून जिथे लाल गडद तिथे हिरवाई दाट, हे स्पष्टीकरण घाईघाईत दोन वाक्यांत उरकले गेले. खरे तर रंग हा येथे संकेत आहे आणि संकेताची सूची पाहिल्याशिवाय अर्थ लावू नये, हे शिकवण्याची याहून चांगली संधी मिळणार नव्हती. मिठागरांच्या आखीव चौकटी आणि खाडीकाठचा वेडावाकडा किनारा यांतून माणसाने केलेले आणि निसर्गाने घडवलेले वेगळे कसे ओळखावे, यावर एक संपूर्ण सत्र सहज होऊ शकते.

आलेखांना तर वेळच मिळाला नाही. उभा अक्ष शून्यापासून सुरू न करता काढलेला स्तंभालेख लहान फरक मोठा करून दाखवतो, हे वृत्तपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला समजायला हवे. मोबाइलवर फिरणाऱ्या, जुन्या असून नव्या प्रसंगाच्या नावे खपवल्या जाणाऱ्या छायाचित्रांविषयी शेवटच्या सत्रात थोडे सांगितले गेले आणि प्रतिमेवरून तिचा मूळ स्रोत शोधण्याचे प्रात्यक्षिकही झाले. परंतु गटातील ज्येष्ठांना ते स्वतःच्या मोबाइलवर करून पाहण्याइतका अवधी मिळाला नाही. आजच्या काळात याची गरज त्यांनाच सर्वाधिक आहे.

व्यवस्थेविषयी दोन गोष्टी सुधारायला हव्यात. प्रोजेक्टर जुना असल्याने रंग पिवळट दिसतात. हळदणकरांच्या चित्रातील प्रकाश पडद्यावर अक्षरशः धुऊन निघाला होता, आणि बोटांमधला तांबूसपणा पाहण्यासाठी आम्हाला एकच मोबाइल हातोहात फिरवावा लागला. किमान मुख्य चित्रांचे चांगले छापील नमुने गटात द्यावेत. दुसरे असे, की चर्चा सुंदर मराठीत होते, पण वाटलेली टिपणे इंग्रजीत आहेत, त्यामुळे घरी उजळणी करताना आजींसारख्या सहभागींना दुसऱ्याची मदत घ्यावी लागते. शुल्क ठाण्यातील चित्रकलेच्या खासगी वर्गांच्या बरोबरीचे आहे आणि मिळणाऱ्या गोष्टीच्या मानाने ते वाजवी आहे.

चित्र काढायला शिकायचे असेल त्यांनी येथे येऊ नये. हातात पेन्सिल धरण्याचा प्रसंग क्वचितच येतो. शिक्षकांनी, वृत्तपत्रांत काम करणाऱ्यांनी आणि मुलांना गोष्टींची चित्रपुस्तके वाचून दाखवणाऱ्या पालकांनी अवश्य यावे. पुढील तुकडी दिवाळीनंतर सुरू होणार असून इमारतीला उद्वाहन नाही. तीन जिने चढणे ज्यांना जमणार नाही त्यांनी नावनोंदणीच्या वेळीच तसे कळवावे, म्हणजे तळमजल्यावरील खोली घेता येईल असे बाईंनी सांगितले आहे.