गरम होणाऱ्या ग्लोव्हजच्या नादात दोनदा फसलो, थंडीत गाडी चालवणाऱ्यांनी नक्की वाचा

मी निफाडजवळचा, कामाला नाशिकला एमआयडीसीत. फर्स्ट शिफ्ट सातची, म्हणजे साडेपाचला गाडीला किक. आमच्याकडची थंडी काय असते ते पेपरात वाचलं असेलच, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा ५-६ अंशांवर आला की बातमी येते आणि द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात. त्यात गाडीवरचा वारा. ५ अंशात साठच्या स्पीडने गेलं की उघड्या कातडीला उणे दोनसारखं लागतं. चांदोरी येईपर्यंत बोटं नुसती लाकडं. एकदा पुढे ट्रॅक्टरची ट्रॉली एकदम थांबली आणि माझी बोटं ब्रेकच्या लिव्हरवर वळलीच नाहीत वेळेवर, कशीबशी साईडला घातली. त्या दिवशी ठरवलं की हातांचं काहीतरी केलंच पाहिजे.

आणि नेमकी त्याच रात्री मोबाईलवर जाहिरात. बॅटरीवर गरम होणारे ग्लोव्हज, ४,९९९ चे फक्त १,२९९, ऑफर रात्री बारापर्यंत. व्हिडिओत ग्लोव्ह घातलेल्या हातावर बर्फाचा तुकडा भराभर वितळतोय. साईटवर पत्ता नाही, फोन नंबर नाही, कंपनीचं नाव नाही, फक्त फॉर्म. हे मी पाहिलं होतं तरी म्हणलं कॅश ऑन डिलिव्हरी आहे, आपले पैसे कुठे जातात. इथेच चुकलो.

सहा दिवसांनी पार्सल आलं. डिलिव्हरीवाला पोरगा म्हणाला दादा आधी पैसे, मग पार्सल, उघडून बघता येत नाही. त्याचा काही दोष नाही, त्याला तसंच सांगितलेलं असतं. आत पातळ कापडी ग्लोव्हज, मनगटापाशी डबी, डबीत तीन पेन्सिल सेल. बटण दाबलं, लाल लाईट लागली, अर्धा तास हातात घालून बसलो, उब नावाला नाही. शेवटी शिवण उसवली तर डबीतून दोन वायरी निघून बटणाला आणि त्या लाईटला गेलेल्या, बस. बोटांकडे एक तारसुद्धा नाही, नुसता स्पंज.

नंतर माहितगार मेकॅनिककडून कळलं की खऱ्या गरम ग्लोव्हजना प्रत्येक हातात लिथियम बॅटरी असते, बहुतेक ७.४ व्होल्टची, ती हाताला जड लागते, नाहीतर वायर सरळ गाडीच्या १२ व्होल्ट बॅटरीला जोडायची असते. पेन्सिल सेलवर दोन्ही हात तासभर गरम राहतील एवढी ताकदच नसते. जाहिरातीत व्होल्ट आणि बॅटरी किती एमएएचची ते लिहिलेलं नसेल तर पुढे वाचूच नका.

पण खरा फटका पुढेच बसला. पार्सलवर नंबर नव्हता म्हणून नेटवर त्या नावाचं कस्टमर केअर शोधलं, पहिलाच नंबर आला तो लावला. माणूस एकदम अदबीने बोलत होता, सर तुमचा रिफंड मंजूर झालाय, क्यूआर पाठवतो तो स्कॅन करा, रकमेच्या जागी रिफंड कोड टाका ८४२१ आणि पिन मारा. मी शिफ्ट करून दमून आलेलो, डोक्यात १,२९९ रुपये परत यायचे एवढंच, मारला पिन. ८,४२१ रुपये गेले. कोड वगैरे काही नव्हतं, ती रक्कमच होती. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो, हे मला माहीत होतं हो, पण त्या वेळी आठवलं नाही.

आणि वर अजून एक चूक, लाजेपायी रात्रभर कोणाला बोललो नाही, बायकोलापण नाही. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन सकाळी केला. तिथल्या ताईंनी पहिलं हेच विचारलं की पैसे किती वाजता गेले, कारण तासाभरात कळवलं तर पुढच्या खात्यात पैसे अडकवता येण्याची शक्यता जास्त. माझे तोवर तीन खात्यांत फिरले होते. २,१०० होल्ड झालेत, अजून हातात आलेले नाहीत. ग्लोव्हजची तक्रार १९१५ वर ग्राहक हेल्पलाईनला केली पण विक्रेत्याचं नावगावच नाही तर ते तरी कोणाला धरणार.

आता मी हँडलला रेक्झिनचे कव्हर लावलेत, आतून लोकर असलेले, वारा हाताला लागतच नाही. आत सैलसर ग्लोव्हज, घट्ट घातले की रक्त फिरत नाही आणि बोटं जास्त गार पडतात. आणि जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्र, हे आमचे वडील सायकलवर दूध घालायचे तेव्हापासूनचं. छाती गार पडली की शरीर हातापायांचं रक्त आत ओढतं, म्हणून छाती आधी सांभाळायची. कव्हर लावल्यावर क्लच-ब्रेक अडकत नाही ना ते मात्र गाडी उभी असतानाच बघून घ्या.

परवा आमच्या शिफ्टच्या ग्रुपवर तोच बर्फाचा व्हिडिओ आला, नाव दुसरं, किंमत ९९९. टाकणाऱ्याला लगेच फोन लावला तर त्याने ऑर्डर करून झालेली. पार्सल अजून यायचंय, आलं की घ्यायचं नाही, सरळ परत पाठव म्हणून सांगितलंय.