अमेरिकेतला जुना माणूस शोधताना: राज्याची यादी की काउंटीचं दप्तर?

बाबांचा सांगलीच्या कॉलेजातला खोलीमित्र १९७१ साली अमेरिकेला गेला. १९८३ पर्यंत पत्रं येत होती. शेवटच्या पाकिटावर ओहायोतल्या क्लीव्हलँडजवळचा पत्ता होता. मग दोन्हीकडची घरं बदलली आणि पत्रं थांबली. बाबांना पंच्याहत्तर पूर्ण झाली तेव्हा त्यांनी ते पाकीट माझ्या हातात दिलं. "तू तिकडेच आहेस, तेवढं बघ," एवढंच म्हणाले.

असं एखादं पाकीट तुमच्याही घरात असेल आणि सुरुवात कुठून करावी असा प्रश्न असेल, तर माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल. सार्वजनिक नोंदी तिथे बऱ्याचशा खुल्या असतात, हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. पैसे घेऊन माणसं शोधून देणाऱ्या वेबसाइटांबद्दल थोडक्यात सांगतो. मी एक महिन्याचे पैसे भरून पाहिले. एकाच आडनावाच्या तीन वेगवेगळ्या माणसांचा तिथे एक माणूस झाला होता, आणि आमच्या काकांच्या, म्हणजे बाबांच्या त्या मित्राच्या, नावावर कोणाची तरी वहिनी बायको म्हणून लावली होती. महिना संपायच्या आत मी ते बंद केलं. त्यामुळे खरी निवड उरते ती राज्याच्या नोंदी आणि काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, नोंदी यांच्यात.

राज्याकडे आधी जावंसं वाटतं, मीही गेलो. एका चौकटीत नाव घातलं की सगळं राज्य शोधून होतं. ओहायोची अख्खी मतदार यादी फुकट उतरवून घेता येते, जन्मतारखेसकट. नॉर्थ कॅरोलायनात मतदाराची नोंद नावावरून बघता येते. विस्कॉन्सिनमध्ये सगळ्या काउंट्यांच्या कोर्टांचे खटले एकाच जागी शोधता येतात. फ्लोरिडात कंपनीच्या संचालकांची नावं-पत्ते राज्याच्या साइटवर आहेत. गाडीच्या लायसन्सच्या नोंदी मात्र विसरा. १९९४ च्या केंद्रीय कायद्याने त्या तुमच्या-आमच्यासाठी बंद झाल्या, आणि ते योग्यच झालं. मतदार यादीबद्दल एक गोष्ट आपले लोक हमखास विसरतात: तिच्यात फक्त नागरिक असतात. चाळीस वर्षं ग्रीन कार्डावर राहिलेला माणूस तिथे सापडणार नाही. घर घ्यायला नागरिकत्व लागत नाही.

पण माझं घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी, आणि माझा कौलही तिथेच ठरला.

आपलं नाव. पासपोर्टवर स्वतःचं, वडिलांचं, आडनाव असं लांबलचक. तिकडे पोचल्यावर वडिलांच्या नावाचं एक अक्षर होतं किंवा ते गळूनच जातं. पुरुषोत्तमचा पुरू होतो, लक्ष्मीकांतचा लॅरी झालेला मी पाहिला आहे. स्पेलिंगचं तर विचारूच नका. 'व'ला व्ही की डब्ल्यू, 'ई'ला एक अक्षर की दोन, शेवटी ए लावायचा की नाही, हे त्या दिवशी अर्ज भरणाऱ्याच्या मनावर. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर गेलेल्या पिढीत एकाच माणसाची डिग्रीवर एक, पगारपत्रकावर दुसरं आणि शेजारपाजारी तिसरं अशी नावं सर्रास दिसतात. राज्याच्या यादीला यातलं काही ठाऊक नसतं. तिथे नोंदलेलं नाव घातलं तर माणूस सापडतो, नाहीतर नाही. मी दोन-तीन राज्यांच्या याद्या संध्याकाळ-संध्याकाळ चाळल्या. पूर्ण नाव घातलं की शून्य. नुसतं आडनाव घातलं की शेकडो माणसं, त्यातली निम्मी माझ्या वयाची, आयटीवाली. जिवंत माणूस कुठेतरी त्याच यादीत असेल आणि आपल्याच हातून सुटत असेल, या विचाराने झोप लागत नसे.

काउंटीच्या दप्तरात हीच अडचण निम्म्याहून कमी झाली. तिथली खरेदीखतं दोन सूच्यांनी लावलेली असतात: ग्रँटर आणि ग्रँटी. आपल्या भाषेत लिहून देणार आणि लिहून घेणार. सब-रजिस्ट्रारकडची सूची दोन ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे घरचंच वाटेल. मी घेणाराच्या सूचीत फक्त आडनाव घातलं आणि १९७५ ते १९९० एवढी वर्षं. त्या काळात, त्या एका काउंटीत, आपल्या आडनावाची घरं असून असून किती असणार? एका पानात यादी संपली. नाव अचूक माहीत नसलं तरी सगळी यादी डोळ्यांखालून घालता येते, हा मला काउंटीचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो. पाकिटावरचा पत्ता जुळला आणि खरेदीखत उघडलं.

त्यानंतर एकेक कागद बोलायला लागला. ओहायोत नवरा-बायकोचा डॉवर हक्क अजून कायद्यात आहे. घर एकाच्या नावावर असलं तरी ते विकताना दुसऱ्याची सही लागते, आपल्याकडच्या खतात 'संमती देणार' असतो तशी. म्हणून तिथल्या विक्रीखतात जोडीदाराचं नाव बहुधा मिळतंच. काकूंचं नाव मला तिथे मिळालं. त्याच खतात काकांच्या नावापुढे लिहिलं होतं की या गृहस्थांनी हे घर अमुक नावाने घेतलं होतं. म्हणजे सरळ 'ऊर्फ'. घेताना पाच अक्षरी पाळण्यातलं नाव, विकताना ऑफिसातलं दोन अक्षरी. मालकीची साखळी तुटू नये म्हणून टायटल तपासणारे दोन्ही नावं एका कागदावर आणायला लावतात. जे जुळवताना मी आठवडे घालवले होते, ते तिथे एका ओळीत लिहिलेलं होतं.

आणखी एक जागा सांगतो, कारण ती बहुतेक जण वाचत नाहीत. शेवटच्या पानावर नोटरीचा मजकूर असतो, आणि त्याच्या डोक्यावर सही जिथे झाली ते राज्य आणि काउंटी लिहिलेली असते. घर ओहायोतलं, पण सही नॉर्थ कॅरोलायनातल्या वेक काउंटीत झाली होती. निवृत्तीनंतर मुलांच्या मागे दक्षिणेला गेले असणार, हे तेव्हाच लक्षात आलं. वेक काउंटीच्या सूचीत ते छोटं नाव घातलं, आणि घेणारांत काका-काकू दोघंही दिसले. मग राज्याच्या मतदार नोंदीत तेच नाव घालून पाहिलं. तीही लगेच निघाली, पण तोवर तिचं काम फक्त खात्री करून देण्यापुरतं उरलं होतं.

काउंटीचा रस्ता सरळ आहे असं मात्र नाही. देशात तीन हजारांवर काउंट्या आहेत आणि कुठली, हे आधी कळावं लागतं. हातात पाकीट नसतं तर मीही अडकलो असतो. प्रत्येक ठिकाणचा रिवाजही निराळा. टेक्सासात २५४ काउंट्या, पण घरपट्टीसाठी मूल्य ठरवणाऱ्या कार्यालयाच्या साइटवर मालकाच्या नावाने सहसा शोधता येतं, आणि होमस्टेडची, म्हणजे स्वतः राहत असलेल्या घरावरच्या घरपट्टीची, सवलत घेतलेली असली तर माणूस बहुधा त्याच घरात राहतो. कॅलिफोर्नियात असेसरच्या, म्हणजे हेच मूल्य ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, साइटवर नावाने शोध बहुतेक ठिकाणी नाही, खतांच्या सूचीतूनच जावं लागतं. न्यूयॉर्क शहरात १९६६ पासूनची खतं ऑनलाइन आहेत, स्टेटन आयलंड सोडून. कनेक्टिकटने तर १९६० मध्ये काउंटी सरकारच बंद केलं. तिथे खतं गावच्या क्लार्ककडे, आणि गावं १६९. ऱ्होड आयलंड आणि व्हर्मांटमध्येही खतं गावपातळीवरच. म्हातारी मंडळी घर ट्रस्टमध्ये टाकतात, तेव्हा नाव नाहीसं झाल्यासारखं वाटतं. अशा वेळी देणारांच्या सूचीत पाहा. ट्रस्टला घर देणारा तोच माणूस असतो.

गावपातळीवर माझा आधार होता तो सार्वजनिक ग्रंथालयाचा. जुन्या शहर-निर्देशिकांत वर्षागणिक नाव, नोकरी, पत्ता मिळतो. मृत्युलेखही तिथेच शोधता येतात. ते मी सगळ्यात आधी तपासले, भीत भीत. न मिळाल्यावर पुढे जायचं बळ आलं.

राज्य उजवं ठरतं तेही सांगायला हवं. भाड्याने राहणारा माणूस काउंटीच्या खतांत कुठेच नसतो. बायकोची एक मावसबहीण नर्स. न्यूयॉर्कला गेली, घर कधी घेतलंच नाही. ती सापडली राज्याच्या व्यावसायिक परवान्यांच्या नोंदीत. तिथे परवान्याची तारीख आणि गाव मिळालं, शिवाय परवाना घेताना पासपोर्टवरचंच नाव लावलेलं होतं. शोधायचा माणूस डॉक्टर, नर्स किंवा परवानाधारक इंजिनिअर असेल तर एक संध्याकाळ राज्याला जरूर द्या. बाकी कोणी असेल आणि जुना पत्ता हाताशी असेल, तर मी पुन्हा काउंटीपासूनच सुरुवात करीन.

पत्ता मिळाल्यावर फोन लावायचा किंवा थेट दारात जायचं मी टाळलं. चाळीस वर्षं गप्प राहिलेल्या माणसाची त्यामागे काही कारणं असू शकतात, आणि आपण त्याचं घर सरकारी कागदांतून शोधलेलं असतं. बाबांनी स्वतःच्या हाताने मराठीत दोन पानी पत्र लिहिलं, खाली माझा फोन नंबर दिला, उत्तर दिलं नाही तरी चालेल असंही लिहिलं. अकराव्या दिवशी नॉर्थ कॅरोलायनातून फोन आला. काकू बोलत होत्या. "हे अंघोळीला गेलेत," त्या म्हणाल्या, "पण पत्र सकाळपासून चार वेळा वाचून झालंय."